परातीतली बाई

दादरच्या त्या साडीच्या दुकानात शिरलं की एका बाजूला पांढरी गादी, दुसऱ्या बाजूला आरसे, आणि मधोमध, जिथं पूर्वी साडी नेसवलेला पुतळा असायचा तिथं, एक मोठी पितळी परात ठेवलेली असे. परातीत कांता उभी असे. सकाळी अकरा ते रात्री आठ. अंगावर दुकानाची साडी, नाकात नथ, हातात हिरवा चुडा, कपाळावर ठसठशीत टिकली. कांताचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण साडी खुलते ती सवाष्णीच्या अंगावर, असं दुकानाचे मालक पुष्करशेठ म्हणायचे. म्हणून कांता रोज सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत सवाष्ण व्हायची आणि संध्याकाळी घरी निघताना बेसिनपाशी ते सौभाग्य उतरवून, धुऊन, डब्यात ठेवून यायची.

काम सोपं होतं. गिऱ्हाईक आलं की राकेश नावाचा सेल्समन त्याच्या हातात चहाचा पेला द्यायचा आणि म्हणायचा, टाका. गिऱ्हाईक बिचकायचं. राकेश म्हणायचा, "टाका हो बिनधास्त, साडीला काही होत नाही." मग गिऱ्हाईक टाकायचं. कांता दोन्ही हातांनी पदर पुढे धरायची. चहा पदरावर पडायचा, अळवाच्या पानावर पाणी गोळा व्हावं तसा गोल गोल व्हायचा, निऱ्यांवरून घरंगळत खाली परातीत यायचा. पदर कोरडा. बायका हात लावून बघायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या.

पुष्करशेठ कांताच्या पदराचं टोक चिमटीत धरून गिऱ्हाइकांना समजावायचे. "हे नॅनो फिनिश आहे. एका केसाचे उभे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढे बारीक कण. त्या कणांची लव धाग्यावर चढवलीय. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण पाण्याला बरोबर कळतं की इथं आपल्याला जागा नाही."

पाण्याला कळायचं, चहाला कळायचं, तेलाला कळायचं. एक गोष्ट मात्र पुष्करशेठ सांगत नसत. साधं सुती लुगडं असतं तर त्यानं निम्मा चहा स्वतःच पिऊन टाकला असता आणि उरलेला निववून मग अंगाला लागू दिला असता. ही साडी स्वतःकडे काहीच ठेवून घेत नव्हती. वरून जे आलं ते जसंच्या तसं खाली पोचवायची. आणि खाली कांताचे पाय होते. गादी घातलेल्या दुकानात चपला चालत नाहीत. सुरुवातीला चहा कोमट असे. पुढे पुष्करशेठच्या लक्षात आलं की वाफ दिसली की लोकांचा विश्वास बसतो, मोबाईलवरही वाफ सुरेख येते. मग दुकानातच शेगडी आली. दुकानाच्या व्हिडिओंत कांताचं तोंड कधी नसायचं आणि तिचा आवाजही नसायचा. फक्त पेला, पदर, वाफ आणि वर सिनेमातलं संगीत.

कांताचे सासरे रघु परळच्या गिरणीत साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर होते. ते असते तर त्यांनी या साडीला कापडच म्हटलं नसतं. बाजारातून कुणीही कापड आणलं की ते अंगठा पाण्यात बुडवून त्यावर टेकवायचे आणि ओल किती लांब पसरते ते बघत बसायचे. कापडाला तहान पाहिजे, म्हणायचे. गिरणी गेली, सासरे गेले. आता त्या जागेवर काचेची इमारत आहे आणि तिच्या चौदाव्या मजल्यावर कांताची मुलगी ओवी नोकरीला जाते.

आणखी एक गोष्ट बदलली, ती कांतानं परातीतून बघितली. पूर्वी कुणाच्या अंगावर काही सांडलं तर सांडणारीच अगंबाई म्हणत धावायची, पावडर मागायची, ओल्या फडक्यानं टिपायची, दहा वेळा ओशाळायची. कांता आणि लतिकावहिनी यांची ओळख अशीच झाली होती. एका बारशात लतिकानं कांताच्या साडीवर आमटी सांडली, दोघी नळाखाली बसून तो डाग चोळत राहिल्या, आणि वर्षभरात लतिका कांताच्या भावाची, निलेशची बायको होऊन घरी आली. आता डागच पडत नव्हता. पहिल्या महिन्यात लोक बोटानं थेंब टाकायचे. मग पेला. मग घरून आणायला लागले. कुणी बिटाचा रस, कुणी शाई, कुणी तेलात कालवलेली लाल चटणी. एका माणसानं तोंडातल्या पानाची पिंक कांताच्या निऱ्यांवर सोडली आणि बायकोकडे बघून हसला. तीही ओघळली. राकेशनं परात बदलली. माफी कुणी मागत नव्हतं. साडीला काही झालंच नव्हतं, तर माफी मागायची कशाची?

कांताला ओव्या यायच्या. तिची आई मालवणकडे लग्नघरात हळद दळताना ओव्या म्हणायला जायची आणि कांता तिच्या मांडीला टेकून ऐकायची. ऐकता ऐकता तिला मनानं रचता येऊ लागल्या. म्हणून तर मुलीचं नाव ओवी. एकदा परातीत उभी असताना पेला भलताच कढत आला. ओरडायची तर सोय नव्हती. ओठांवर आलेल्या किंकाळीला कांतानं चाल लावली आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं,

*टाका बाई टाका, टाका चहाचा गं पेला*
*माझिया पदराला डाग नाही आला-गेला*

गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. पुष्करशेठ गल्ल्यावरून उठून आले. त्या दिवसापासून प्रत्येक पेल्यामागे ही ओवी म्हणायची, असं ठरलं.

ओवीचं लग्न ठरलं ते यशोधनशी. तो तिच्याच ऑफिसातला, गिरगावचा. वडील बँकेतून निवृत्त, आई मीनाक्षी शाळेत शिक्षिका होती. आई काय करते, असं त्यांनी विचारलं तेव्हा ओवीनं सांगितलं, की आई कापडाच्या कंपनीत क्वालिटी चेकिंगला आहे. घरी येऊन तिनं हे कांताला सांगितलं तेव्हा कांता हसली. यात खोटं काय, म्हणाली, दिवसभर कापडच तपासते की मी. ओवी हसली नाही.

बैठकीच्या दिवशी कांताच्या डाव्या पायावर बशीएवढा फोड होता. निलेशमामा आणि लतिकामामी गिरगावला गेले, आईला ताप आहे म्हणून सांगितलं. त्यांनी ओवीच्या मोबाईलमधला कांताचा फोटो दाखवला. तो फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा, लांबून काढलेला, त्यात कांता गालात हसत होती आणि गुबगुबीत होती. पण संध्याकाळी मीनाक्षीबाईंचा स्वतःहून फोन आला. त्यांनी तापाची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्याकडे ते विधवा बाईनं मागं राहायचं वगैरे काही नाही. हळदीच्या जात्याला पहिला हात तुम्हीच लावायचा. ओव्याही तुम्हीच म्हणायच्या. ओवी सांगते, तुम्ही मनानं रचता."

फोन ठेवल्यावर कांता मोरीच्या कठड्यावर बसली. नवरा गेल्यापासून चाळीतल्या प्रत्येक हळदीला ती भिंतीला टेकून उभी राहिली होती. बायका तिला ओळ विचारायच्या, तिच्याकडून ऐकून घ्यायच्या, आणि जात्याला हात दुसरीच लावायची. आता स्वतःच्या लेकीच्या हळदीला ती जात्यापुढे बसणार होती. दुसरं काही तिला नको होतं.

तेव्हापासून ती परातीत उभ्या उभ्या ओव्या रचू लागली. तोंडानं दुकानाची ओवी म्हणायची आणि मनात हळदीची. एक पेला पडला की एक शब्द. संध्याकाळी घरी येऊन रमाबाईंना ऐकवायची. रमाबाई शेजारच्या खोलीतल्या, पंच्याहत्तरीच्या, अजून मालवणीतच बोलणाऱ्या, आणि चाळीतल्या सगळ्या हळदींच्या मुख्य. पहिली ओवी त्यांनी लगेच पाठ केली.

*हळद दळीते, पिवळं झालं माझं घर*
*लेक माझी ऊन गं, सावली तिचा वर*

दुसरीची पहिली ओळच तेवढी झाली होती. उरलेली मागाहून सांगते, कांता म्हणाली.

बस्ता बांधायचा दिवस ठरला तो शनिवारचा. बस्त्याला दोन्हीकडच्या बायका जातात, नवरीची आई तर हवीच. पण ओवी म्हणाली, आई, तू सुट्टी लग्नासाठी राखून ठेव, मामी येईल माझ्याबरोबर, गिरगावातच घेणार आहेत सगळं. कांताला पटलं. लग्नसराईत पुष्करशेठ एका दिवसाचीही सुट्टी देत नव्हते आणि तिला हळदीपासून चार दिवस हवे होते.

त्या शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला दुकानाचं काचेचं दार उघडलं. पुढे लतिकावहिनी. तिच्यामागे चष्म्याला साखळी लावलेली, सुती साडीतली एक उंच बाई. मग यशोधन. आणि शेवटी ओवी.

कांताला वाटलं, पोरीनं सासरच्यांना मुद्दाम आणलं. सांगितलं सगळं, आणि आता भेटवायला आणलं. तिच्या छातीत एवढं काही भरून आलं की तिनं एक पाय परातीच्या बाहेर टाकला. ओला पाय पांढऱ्या गादीवर उमटला.

मग तिनं ओवीकडे बघितलं. ओवीची नजर तिच्यावरून गेली. आरशावरून, साड्यांच्या घड्यांवरून, पंख्यावरून जाते तशी. कांतानं पाय परत आत घेतला.

मीनाक्षीबाई राकेशला सांगत होत्या की गिरगावात सगळं झालं, एकच राहिलं. या चहाच्या साडीबद्दल शेजारणीकडून ऐकलं होतं आणि ती त्यांना घ्यायची होती विहीणबाईंसाठी. मानाची साडी. नोकरी करणारी एकटी बाई, तिला डाग काढत बसायला वेळ कुठून असणार. रंग कुठला आवडेल ते त्या ओवीला विचारत होत्या. ओवी म्हणाली, कुठलाही.

राकेशनं मीनाक्षीबाईंच्या हातात पेला दिला. त्यांनी कांताकडे बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं, आणि पेला परत केला. "मला नाही बाई जमायचं. माणूस उभं आहे तिथं."

"आई, डेमो आहे तो," यशोधन म्हणाला. "त्यांचं कामच आहे ते."

"मग ओवी, तू टाक. तुझ्या आईची साडी, तूच पारखून घे."

पेला ओवीच्या हातात आला. वाफ येत होती. राकेश सवयीनं म्हणाला, टाका बिनधास्त, साडीला काही होत नाही. लतिकावहिनी आरशापाशी गेली आणि तिथं उभी राहून पदराची पिन काढून पुन्हा लावू लागली. पिन लागत नव्हती.

एक शब्द पुरला असता. पेला खाली ठेवला असता तरी पुरलं असतं. गरम आहे, नको, राहू दे, असं कुठलीही मुलगी म्हणू शकते. कांतानं वाट बघितली. मग लेकीची अडचण तिच्या लक्षात आली, आणि तिनं रोजच्यासारखा दोन्ही हातांनी पदर पुढे धरला. पोरीला सोपं जावं म्हणून जरा वाकलीसुद्धा.

ओवीनं चहा ओतला नाही, फेकला. एकदाचं उरकून टाकावं तसा, सगळ्या जोरानं. निम्मा पदरावर आला, निम्मा गळ्यावर आणि हनुवटीवर. पदरावरचा मोत्यांसारखा घरंगळला. गळ्यावरचा गळ्यावर राहिला.

राकेश म्हणाला, बघा, कोरडी. आणि आमच्या मावशी वर ओवीसुद्धा म्हणतात. म्हणा मावशी.

फोनवर मीनाक्षीबाईंनी तिचा बोलायचा आवाज ऐकला होता, गायचा नव्हता. गायचा आवाज तिनं हळदीसाठी ठेवला होता. गल्ल्यावरून पुष्करशेठनी मान वर केली. दुकान थांबलं. यशोधन घड्याळ बघत होता.

"म्हणा ना, काकू," ओवी म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा तिनं आईला अहोजाहो केलं. कांतानं तिच्याकडे बघितलं आणि ओवी म्हटली. *टाका बाई टाका.* चाल कुठं चुकली नाही.

मीनाक्षीबाईंना फार आवडली. त्यांनी पर्समधून मोबाईल काढला आणि पुन्हा म्हणायला लावली. पहिल्यांदा बटण नीट दाबलं गेलं नाही म्हणून आणखी एकदा म्हणायला लावली. मग मोबाईल ठेवून त्यांनी रुमाल काढला, जवळ आल्या, आणि कांताची हनुवटी हळूच टिपली. इतक्या जवळ की त्यांच्या चष्म्याच्या काचेत कांताला स्वतःची नथ दिसली.

"भाजलं का हो?" त्यांनी विचारलं. "इथं तीळ आहे होय. मला वाटलं फोडच आला."

कांतानं मानेनं नाही म्हटलं.

"गळा काय गोड आहे तुमचा. आमच्या विहीणबाईही ओव्या रचतात. त्यांना ऐकवीन मी ही."

त्यांनी अंजिरी रंग निवडला. राकेशनं साडी घडी करून पिशवीत घातली. दारातून बाहेर पडताना मीनाक्षीबाईंनी मागं वळून कांताला नमस्कार केला. दुकानात आजवर कुणी केला नव्हता.

कांता त्या संध्याकाळी लालबागला पोचली तेव्हा ओवी घरी येऊन बसली होती. समोर मलमाची ट्यूब, कापूस, पाण्याचं भांडं. तिनं आईला खाटेवर बसवलं, पाय मांडीवर घेतले आणि मलम लावू लागली. मग गळ्याला लावलं. तिचा हात लहानपणापासून हलका. कांता डोळे मिटून बसली. आता रडेल, तिला वाटलं. रडू दे, जवळ घेईन, एवढ्यातेवढ्याला काय, म्हणेन. काय म्हणायचं ते सगळं तिनं ठरवून ठेवलं.

"आई," ओवी म्हणाली, "त्यांनी तुझं तोंड बघितलं."

कांतानं डोळे उघडले.

"तीळसुद्धा बघितला. फोटोत कळला नसता. आता नुसती उभी राहिलीस तरी कळेल." ट्यूबचं झाकण लावत ती पुढचं सांगत गेली. तिनं सगळा विचार करून ठेवला होता. कांजिण्या झाल्यात म्हणून सांगायचं. दाराला कडुलिंबाची डहाळी लावायची, म्हणजे चाळीतलंही कुणी आत येणार नाही. ती स्वतः उद्यापासून मामाकडे भायखळ्याला राहायला जाईल, म्हणजे तिकडच्यांना भीती नको. कन्यादान मामा-मामी करतील. कांजिण्या उतरायला पंधरा दिवस लागतात, तोवर लग्न होऊन जाईल. पुढचं पुढे बघू.

"हळदीला तरी," कांता म्हणाली. "लांब बसेन. तोंडावर पदर घेईन."

"ओव्या म्हणशील तू. राहवणार नाही तुला."

"नाही म्हणणार."

"आई, हळद आपल्याच चाळीत आहे, खाली अंगणात. तुला वरून सगळं ऐकू येईल." तिनं आईची समजूत काढल्यासारखं हे सांगितलं, आणि भांडं मोरीत विसळून पालथं घातलं.

कांता गिरगावला जाऊ शकत होती. एक फोन करू शकत होती. मीनाक्षीबाईंनी कदाचित समजूनही घेतलं असतं, रुमालानं हनुवटी टिपणारी बाई ती. पण लेकीनं त्यांच्यासमोर पेला फेकला होता. हे समजल्यावर त्यांनी कांताला जवळ केलं असतं आणि ओवीला लांब. एवढा हिशेब कांताला येत होता. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच डहाळी आणून चौकटीला बांधली.

मीनाक्षीबाईंचा फोन आला. कांता घोगऱ्या आवाजात हं, हो, एवढंच बोलली. त्यांना वाईट वाटत होतं. जात्याला पहिला हात तुमचाच असायला हवा होता, म्हणाल्या. लतिकाताईंकडे साडी पाठवलीय, हळदीच्या दिवशी घरात का होईना पण नेसा. आणि मग, कांताचं मन रमावं म्हणून, त्यांनी दुकानातल्या त्या बाईची गोष्ट सांगितली. किती गोड गळा, आणि पाय बघवत नव्हते. असली कामं बंद व्हायला पाहिजेत, त्या म्हणाल्या. कांता हो म्हणाली.

हळदीच्या दिवशी, रविवारी दुपारी, तिनं अंजिरी साडी नेसली. तिसऱ्या मजल्यावरची ती खोली, दार बंद, खिडकीच्या फळ्या ओढलेल्या. फळ्यांच्या फटीतून अंगणाची एक पट्टी दिसत होती. जातं दिसत होतं, रमाबाईंचा पांढरा अंबाडा दिसत होता, आणि पाटावर बसलेल्या ओवीचा एक खांदा. गिरगावची मंडळी आली तेव्हा चाळीतल्या बायकांनी त्यांना खुर्च्या दिल्या. मीनाक्षीबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, खाली जात्यापाशी बसल्या. जात्याला पहिला हात लतिकावहिनीनं लावला.

पहिली ओवी छान झाली. *लेक माझी ऊन गं, सावली तिचा वर.* कांता फळीला कपाळ टेकून ओठ हलवत होती. बायका रंगात आल्या. मग रमाबाईंनी दुसरी उचलली.

*हळद लावीते, आधी लावीते पायाला*

आणि थांबल्या. जातं फिरत राहिलं. त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली. बायकांनी मागून म्हटली. पुढे कुणाला काही येत नव्हतं. कुणीतरी हसलं. रमाबाई म्हणाल्या, "फुडची वळ कांताकडेच रवली." आणि मान वर करून त्यांनी तिसऱ्या मजल्याकडे हाक घातली, "कांता, गो, दाराआडसून सांग. पायाला, मगे काय?"

ओळ तयार होती. त्या शनिवारी सकाळी, दुकानात जाताना पुलाच्या पायऱ्यांवर सुचली होती. *पडंल पाऊल तिथं सोनं येऊ दे भुईला.* कांताच्या जिभेवर ती आली. नुसती एक ओळ. दाराआडून. तोंड दिसणार नव्हतं. फटीतून तिला ओवीचा खांदा दिसला, आणि तो आक्रसला तेही दिसलं.

कांतानं पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला.

खाली मीनाक्षीबाई म्हणाल्या, "आजारी माणसाला कशाला ओरडायला लावता. थांबा, माझ्याकडे आहे एक ओवी." यशोधननं त्यांचा मोबाईल घेऊन स्पीकरला जोडला. थोडी खरखर झाली. मग चारही मजल्यांवर आवाज भरून राहिला.

*टाका बाई टाका, टाका चहाचा गं पेला*
*माझिया पदराला डाग नाही आला-गेला*

बायका हसल्या. ठेका सोपा होता, हातांनी लगेच धरला. गिरगावच्या पोरींनी टाका बाई टाका म्हणत ओंजळी भरभरून ओवीवर हळद टाकली. तिच्या केसांत, गालांवर, गळ्यावर. सगळं अंगण पिवळं झालं.

रमाबाईंनी जातं थांबवलं होतं. त्यांनी स्पीकरकडे बघितलं, मग वर तिसऱ्या मजल्याकडे बघितलं.

"अगो," त्या म्हणाल्या, "हो तर आमच्या कांताचो आवाज."

टाळ्या विरत गेल्या. चाळीतल्या दोघी-तिघींनी माना वर केल्या. मीनाक्षीबाई रमाबाईंकडे बघू लागल्या, त्यांना मालवणी नीट कळलं नसावं, आणि मग त्या ओवीकडे वळल्या. ओवीच्या चेहऱ्यावर हळदीचा एवढा थर होता की त्याखाली काय आहे ते कुणालाच दिसत नव्हतं.

"नाही हो, रमाआजी," ती म्हणाली. "ती दुकानातली बाई आहे." आणि मीनाक्षीबाईंचा हात धरून लाडानं म्हणाली, "परत लावा ना, आई."

वर खोलीत कांतानं तोंडातला पदर बाहेर ओढला. जबडा दुखत होता, हनुवटीवरून लाळ आणि पाणी गळत होतं. पदर तिनं उलगडून बघितला. कोरडा होता. दातांची सुरकुतीसुद्धा त्यावर राहिली नव्हती.

खाली पुन्हा खरखर झाली आणि तिचा आवाज सुरू झाला. *टाका बाई टाका.* कांतानं दोन्ही हातांनी पदर पुढे धरला, जरा वाकली, आणि तशीच उभी राहिली.